हवा-पाण्याची वही

मला हवामानातलं कळतं, असा माझा बरीच वर्षं समज होता. समज कसला, गर्वच. त्या गर्वाचं कारण म्हणजे एक नळकांडं. बालाघाटच्या कचेरीमागच्या आवारात, कडुनिंबापासून पंधरा पावलं दूर, ते जमिनीत पुरलेलं होतं. पावसाळ्यात रोज सकाळी आठ वाजता त्यात साचलेलं पाणी काचेच्या मापात ओतायचं अन् आकडा रजिस्टरात लिहायचा, हे माझं काम. बस, एवढंच. पाऊस वरून पडायचा, मी खाली मोजायचो. यात माझी कर्तबगारी ती काय? पण काही वर्षं मोजल्यावर मला वाटायला लागलं की मी सही केल्याशिवाय पाऊस पडलाच नाही. लामत्याकडच्या खेड्यातून कोणी आला अन् म्हणाला, ‘आमच्याकडे काल लय पाऊस झाला,’ की मी चष्मा सावरून विचारायचो, ‘किती?’ तो बिचारा घोट्याला हात लावून दाखवायचा. मी त्याच्याकडे दयेनं पाहायचो.

छप्पन साली राज्यांच्या हद्दी नव्यानं आखल्या गेल्या. बालाघाट मध्यप्रदेशात राहिलं अन् आमचे सगळे सोयरे, नागपूर-भंडारा-तुमसरचे, पलीकडे गेले. कचेरीत कागद फिरला, की ज्यांना तिकडच्या राज्यात जायचं असेल त्यांनी तसं लिहून द्यावं. माझ्यासोबतच्या मराठी कारकुनांनी एकेका ओळीत लिहून दिलं अन् बिस्तरे बांधले. मी दीड पान लिहिलं. त्यात नागपूरचा उन्हाळा, वैनगंगेवरून येणारी संध्याकाळची झुळूक, पावसाचं मान, भाजीपाल्याची चव, सगळं सविस्तर मांडून शेवटी निर्णय दिला होता, की राहायला बालाघाटच उत्तम. बड्या बाबूंनी तो कागद दोनदा उलटा-सुलटा केला. म्हणाले, “बाबूजी, यहाँ सिर्फ़ हाँ या ना लिखना था.”

घरी आल्यावर बायको म्हणाली, “नागपूरले माहेर हाय माहं.”

“माहेर म्हंजे का हवामान होय?” मी म्हटलं. तेव्हा हे उत्तर मला फार हुशारीचं वाटलं होतं. संध्याकाळी ओट्यावर चार लोकांना सांगूनही झालं.

आता ओट्याचं सांगितलंच पाहिजे. आमचं भाड्याचं घर स्टेशनाकडून कचेरीकडे येणाऱ्या रस्त्यावर होतं अन् त्याला पुढून चांगला लांब, दगडी ओटा होता. संध्याकाळी मी सदरा बदलून तिथे बसलो की रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण थबकायचा. किराणावाला यायचा, शाळेतले गुरुजी यायचे, शेजारचे रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डसाहेब तर रोजचेच. मी बोलायचो, ते ऐकायचे. कचेरीत मला कोणी विचारत नव्हतं, साहेबांना माझं नावही धड माहीत नव्हतं. पण ओट्यावर मी म्हटलं की ‘यंदा थंडी उशिरा सुटेल’, तर लोक माना हलवायचे. त्या माना पाहिल्याशिवाय मला जेवण जात नसे.

घराच्या मागच्या अंगाला धानाची मिल होती. दिवाळीनंतर नवं धान आलं की ती जी सुरू व्हायची ती होळी उलटली तरी चालू. भुशाचा ढीग बारा महिने आमच्या मागच्या भिंतीच्या वर डोकं काढायचा. वारा फिरला की वाळत घातलेल्या लुगड्यावर, पाण्याच्या गुंडावर, लोणच्याच्या बरणीला बांधलेल्या फडक्यावर बारीक पिवळट धूळ. बायको दिवसातून तीनदा झाडायची. मला त्या धुळीचा त्रास नव्हता, कारण मी पुढच्या ओट्यावर बसायचो अन् ती मागच्या सैपाकघरात.

आमची एकुलती एक मुलगी लग्न होऊन गोंदियाला गेली अन् त्याच हिवाळ्यात बायकोला दमा लागला. आधी खोकला होता, मग छातीत शिट्टी वाजायला लागली, मग रात्री उशाला दोन उशा लागायला लागल्या. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली अन् सांगितलं की धूळ-भुसा टाळा, अन् जमलं तर कोरड्या, मोकळ्या हवेत राहा. म्हणजे सांगितल्या दोन गोष्टी. पण पहिली गोष्ट कोणीही सांगितली असती. दुसरीत हवेचं नाव आलं, अन् हवा म्हटलं की तो माझा विषय. मी डॉक्टरांना तिथेच पाच मिनिटं कोरड्या हवेबद्दल समजावून सांगितलं. बाहेर पेशंटांची रांग होती.

परत येताना रिक्षात बायको म्हणाली, “घर बदलू. भुसा येते मांगून.”

एवढंच बोलली. मी म्हटलं, “अवं, मिल का आपल्याच घरामांगं हाय? सारं बालाघाट मिलींचं. भुशानं दमा झाला असता तं मिलीतले हमाल कवाचेच खाटेवर पडले असते.” ती काही बोलली नाही. मी समजलो, पटलं.

खरं सांगायचं तर मला ओटा सोडायचा नव्हता. आज मी हे सरळ लिहितो, तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नसतं. गाव सोडायला मी तयार होतो, कारण गाव सोडणं ही मोठी गोष्ट, तिच्यात विचार आहे, अभ्यास आहे, चार लोकांत सांगण्यासारखं आहे. घर बदलणं यात काय आहे? हातठेला बोलवायचा अन् सामान लादायचं. एवढ्या क्षुल्लक उपायानं माझ्या बायकोचा दमा जावा, हे माझ्यासारख्या जाणकाराला शोभणारं नव्हतं.

तर मी ठरवलं, की राहण्यासाठी चांगल्या हवेचं गाव शोधायचं. बदली मागून जाता येईल असं, नाहीतर निवृत्तीनंतर कायमचं राहता येईल असं. दरवर्षी एक-दोन गावं प्रत्यक्ष राहून पाहायची अन् मग निकाल द्यायचा. बाजारातून जाड पुठ्ठ्याची वही आणली, पट्टीनं रकाने आखले. पहिला रकाना उष्णतेचा. त्यासाठी भिंतीवर टांगायचा थर्मामीटर विकत घेतला अन् तो प्रवासात टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरून बसायचो. दुसरा रकाना पाण्याचा. मग चहा, वर्तमानपत्र किती वाजता येतं, भाजीबाजार, फिरायला रस्ता, अन् शेवटी ‘माणसं’.

पाण्याचा रकाना भरायची रीत माझ्या आईची. आमच्यात मुलगी द्यायच्या आधी त्या गावचं पाणी विचारत. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजते का? जिथे शिजत नाही तिथे आई म्हणायची, “नको बापा, पोरगी जल्मभर चुलीशी झगडन.” तेव्हा मीही डाळ घेऊन निघायचो. प्रत्येक गावची डाळ वेगळी, मग पाण्याचा निकाल खरा कसा लागणार? म्हणून एकाच पोत्यातली तुरीची डाळ, पावशेरभर, पांढऱ्या फडक्यात बांधून. जिथे उतरू तिथे ती शिजवायला द्यायची अन् मी घड्याळ धरून बसायचं. आईची रीत मुलीच्या सुखासाठी होती. ती मी माझ्या वहीसाठी वापरली, हे कळायला मला फार वर्षं लागली.

पहिला मान नागपूरला दिला, सासुरवाडीला. अन् पाहणी कधी करावी? तर भर मे महिन्यात. कारण शत्रूला त्याच्या घरात गाठावं, असा माझा विचार. गोंदियापर्यंत छोट्या लाइनची गाडी, तिथून मोठी. मेव्हण्याच्या घरी पोचलो, हातपाय धुतले, गूळ-पाणी झालं, अन् मी पिशवीतून डाळीची पुरचुंडी काढून मेव्हण्याच्या बायकोसमोर ठेवली.

“वहिनी, आज वरन या डाळीचं करा. अन् चुलीवर मांडसान तं मले आवाज द्या.”

वहिनींनी पुरचुंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग नवऱ्याकडे. जावई घरी येताना आपली डाळ घेऊन आला! याचा अर्थ त्या घरात काय झाला असेल हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला नाही कळलं. उलट मी त्यांना पाण्यातल्या क्षारांबद्दल सांगायला लागलो. मेव्हणा उठून आत गेला. बायकोनं पदर तोंडावर घेतला.

त्या दुपारी वहिनींनी पुरणपोळ्या केल्या, वडाभात केला, पाटवड्यांची रस्साभाजी केली. सगळ्यांची ताटं भरली. माझ्या पुढ्यात एक वाटी आली. तिच्यात नुसती उकडलेली डाळ, ना मीठ, ना हळद.

“तुमची डाळ, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “अर्ध्या तासात शिजली. लिवून घ्या.”

मी खरंच लिहून घेतलं. पुरणपोळी मला तिसऱ्यांदा मागितल्यावर मिळाली. वहीत नागपूरच्या पानावर अजून आहे: ‘उष्णता असह्य. पाणी ठीक. वर्तमानपत्र सकाळी साडेसहाला. माणसं तुसडी.’

तिथे आठ दिवस होतो. वहिनी अन् बायको गच्चीवर गाद्या टाकून झोपायच्या अन् त्यांचं हसणं खालपर्यंत ऐकू यायचं. निघताना वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, हिले राहू द्या इथं दोन महिने. बरं वाटून राह्यलं तिले.”

“येवढ्या गर्मीत?” मी म्हटलं. अन् थर्मामीटर दाखवला.

परत आलो. बायकोनं कुलूप काढलं. सगळ्या घरात पिवळट थर बसला होता. तिनं पदर खोचला, झाडू घेतला. संध्याकाळपर्यंत शिट्टी सुरू झाली. मी ओट्यावरून आत डोकावून म्हटलं, “परवासाचा शीण हाय. पडून राह्य.” अन् गार्डसाहेबांना नागपूरच्या उन्हाळ्याचं पुढे सांगायला लागलो.

मग छिंदवाडा. हे गाव तर माझ्या मनात पहिल्यापासून भरलेलं. उंचावरचं, थंड, कोरडं. बदलीचा अर्ज घरूनच लिहून खिशात ठेवला होता, फक्त तारीख घालायची बाकी. छोटी लाइन नैनपूरवरून फिरून फिरून जाते, दिवसभर गाडीत बसून अंगाचा भुगा झाला. तिथे माझा आतेभाऊ राहायचा. त्याच्या बायकोला मी डाळ दिली. ती बाई भली, तिनं काही न विचारता शिजवली, वीस मिनिटांत. हवा इतकी छान की थर्मामीटर पाहून मलाच गहिवरून आलं. बायको आतेभावाच्या बायकोसोबत टेकडीवरच्या देवळात चढून गेली अन् नारळ फोडून उतरून आली. मला येऊन म्हणाली, “चढले मी. न थांबता.”

मी ‘बरं’ म्हटलं. माझं लक्ष दुसरीकडे होतं. संध्याकाळ झाली होती अन् मी आतेभावाच्या दारात खुर्ची टाकून तासभर बसलो होतो. रस्त्यानं माणसं जात होती, पण एक थांबेल तर शपथ. शेजारच्या एका गृहस्थाला मी आपण होऊन हाक मारली अन् तिथल्या हवेबद्दल सांगायला लागलो. त्यानं ‘अच्छा, अच्छा’ म्हणत सायकलवर टांग टाकली. थंडीमुळे सात वाजता सारं गाव दार लावून शेकोटीशी बसायचं. चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी वहीत लिहिलं: ‘हवा उत्तम. पाणी उत्तम. परंतु उदास.’ अर्ज खिशात तसाच परत आला. धोब्याकडे सदरा गेला तेव्हा त्याचा लगदा झाला.

जबलपूरला बाजार चांगला, पण घरं दाटीची. शिवनीला दूध छान, पण पेपर दुसऱ्या दिवशीचा. अमरावतीला सगळं छान होतं, मग मी चहात खोट काढली. प्रत्येक वेळी जाताना गाडी गावाबाहेर निघाली की बायको खिडकीला डोकं टेकवून झोपायची, ती थेट उतरायच्या स्टेशनावर उठायची. परत आल्यावर झाडू, मग शिट्टी, मग दोनाच्या तीन उशा. मला वाटायचं, प्रवास तिला मानवत नाही. बाईमाणूस, दगदग होते. असं म्हणून मी दोनदा तिला घरी ठेवून एकटाच गाव पाहून आलो! म्हणजे जिच्यासाठी हवा शोधायची, तिला भुशात ठेवून मी हवा खाऊन आलो. लिहितानाही लाज वाटते, पण झालं ते असं झालं.

ओट्यावर मात्र माझा भाव वाढत गेला. कोणाची बदली झाली, कोणाला मुलगी द्यायची असली, कोणाला म्हातारपणी कुठे राहावं असा प्रश्न पडला, की लोक म्हणायचे, बाबूजींना विचारा, त्यांच्याकडे वही आहे. परसवाड्याहून एक जण खास मला विचारायला आला होता. मी त्याला दोन तास बसवून घेतलं. आठ वर्षं अशी गेली. निकाल काही लागला नाही. निकाल लागला असता तर वही बंद झाली असती, अन् मग लोकांनी मला काय विचारलं असतं?

जानेवारीतला रविवार होता. मिल जोरात चालू, दुपारचं ऊन ओट्यावर आलेलं. गार्डसाहेब, गुरुजी अन् बँकेत नवीन बदलून आलेले एक गृहस्थ बसले होते. त्या नवीन गृहस्थांनी विचारलं की दम्याच्या माणसानं कुठे राहावं, त्यांच्या वडिलांना त्रास होता. मला काय, हवंच होतं. मी वही मांडीवर घेतली अन् छिंदवाड्यापासून सुरुवात केली.

आतून भांड्याचा आवाज आला. ठण्ण. मी आतल्या बाजूला तोंड करून म्हटलं, “झाला काय चहा? आन मंग.” अन् पुढे बोलायला लागलो. पुन्हा आवाज आला. “अवं, आन ना, पावने बसले हायत.” तिसऱ्यांदा आला, या वेळी हळू.

गार्डसाहेब उठले. “बाबूजी,” ते म्हणाले, “ये चाय की आवाज़ नहीं है.”

ते आधी आत गेले. मी त्यांच्या मागून गेलो, बोट वहीत घालून, पान हरवू नये म्हणून. बायको सैपाकघरात भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली होती. ओठ काळेनिळे. तोंड उघडं, अन् हवा आत जात नव्हती. हातात तांब्या होता, तोच ती फरशीवर आपटत होती. मला हाक मारायला तिला आवाज नव्हता, अन् मी बाहेर बसून तिला चहा मागत होतो.

गार्डसाहेबांनी तिला उचलून रिक्षात घातलं, गुरुजींनी मागून रिक्षा ढकलली. मी नुसता पळत होतो. तेव्हा मी देवाला काय काय बोललो ते मला आठवत नाही, पण मोठ्यानं बोलत होतो, कारण रस्त्यातली माणसं वळून पाहत होती. दवाखान्यात इंजेक्शन दिलं, नाकाला नळी लावली. तास-दोन तासांनी ओठांचा रंग परतला. मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहून तिचं पाऊल धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेशी आले. हे नवीन होते, तरुण. त्यांनी मला विचारलं, गेल्या काही वर्षांत कुठे बाहेरगावी राहिलात का? मी म्हटलं, “साहब, आठ साल से वही कर रहा हूँ.” अन् थोडी छाती फुगवून सांगितलं, की प्रत्येक गावाची नोंद आहे माझ्याकडे.

“बहुत अच्छा,” ते म्हणाले. “तो बताइए, किस-किस जगह इनकी साँस ठीक रही?”

मी तोंड उघडलं. नागपूर... अर्धा तास. छिंदवाडा... वीस मिनिटं. जबलपूरला पेपर सातला. अमरावतीच्या चहात आलं जास्त. माझ्या डोक्यात सगळे रकाने एकामागून एक उभे राहिले अन् त्यांतल्या एकाही रकान्यात माझी बायको नव्हती. आठ वर्षांत तिला कुठे श्वास आला अन् कुठे नाही, हे मला माहीत नव्हतं. डॉक्टर वाट पाहत होते. मी खाली पाहिलं.

खाटेवरून तिनं नळी जराशी बाजूला केली. “सब जगा,” ती म्हणाली. “घर छोड़के सब जगा.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं अन् विचारलं, घराच्या आसपास काय आहे? मी सांगितलं.

आठ दिवसांत घर शोधलं. रूळ ओलांडून नदीकडच्या बाजूला, दोन खोल्या, पुढे भाजी पिकवणाऱ्या एका काछ्याची वाडी. मिल नाही, भुसा नाही. ओटाही नाही, दार उघडलं की एक पायरी अन् मग वांग्यांचे वाफे. हातठेल्याच्या तीन खेपांत सामान आलं. जुन्या घरापासून दीड मैल असेल. आठ वर्षं मी कुठल्या कुठल्या गाड्या बदलून जे शोधत होतो ते सायकलनं पंधरा मिनिटांवर होतं. गार्डसाहेब निरोपाला ओट्यावर उभे होते. म्हणाले, भेटायला येईन. एकदा आले, मग पाय दुखतात म्हणाले.

पहिले दहा-बारा दिवस बायको नुसती झोपली. तीनाच्या दोन उशा झाल्या, मग एक. मी सैपाक करत होतो, म्हणजे जे करत होतो त्याला ती सैपाक म्हणू देत होती. एके दिवशी सकाळी ती लवकर उठून, न्हाऊन, दारातल्या पायरीवर भाजी निवडत बसली होती. मी दूध घेऊन आलो. गवळी लांब राहायचा, वाटेत सायकलची साखळी उतरली होती, हात काळे झाले होते. मी दुधाचा गंज खाली ठेवला अन् सवयीनं बोलून गेलो, “जागा काही खास नाही बुवा ही. दूध लय दूर पडते.”

तिनं हातातली जुडी खाली ठेवली.

“दूध दूर पडते?” ती म्हणाली. “आठ वर्स मले गाडीगाडीनं फिरवलं, छिंदवाड्याले नेलं, जबलपूरले नेलं, भर उन्हात नागपूरले नेलं, माह्या वहिनीच्या चुलीवर आपली डाळ मांडून माही अब्रू घालवली, तवा कोनतं गाव दूर नाही वाटलं तुमाले, अन् आता गवळ्याच्या घरापर्यंत जायले तंगड्या दुखून राह्यल्या? पयल्याच वर्सी म्हनलं होतं म्या, घर बदलू, तं म्हने हमाल काहून नाही पडत खाटेवर! हमाल का माह्यासारखे चोवीस तास तिथं बसते, ते तं संध्याकाळी घरी जाते. काखेत कळसा अन् गावाले वळसा, तशी तुमची गत, अन् लोकं तुमाले इचारते, बाबूजी कुठं राहाव! कचेरीत कोनी ऐकत नाही म्हनून ओट्यावर बसता, हे का मले समजत नाही? समजत होतं. म्हनून तं मी जोर नाही केला, म्हनलं राहू द्या, त्याहीले येवढं एकच सुख हाय. पन माह्या जिवाचं काय? छिंदवाड्याले टेकडी चढून आली अन् तुमाले येऊन सांगतलं, का न थांबता चढले, तं तुमी म्हनलं ‘बरं’. त्या दिवशी म्या ठरवलं होतं, घरी गेल्यावर याहीले सारं सांगीन, पन घरात पाय टाकला अन् पुन्हा छाती भरली. रोजच वाटे सांगीन. पन दोन शब्द झाले का शिट्टी वाजे, दम घ्याले थांबो, अन् तुमी समजा का झालं माहं बोलून!”

मी दुधाच्या गंजाशी उभा होतो. तिचं बोलणं चालूच होतं, नागपूर संपवून ती आता माझ्या दीड पानाच्या अर्जावर आली होती. अन् मला एकदम लक्षात आलं, की इतकं लांबलचक मी हिच्या तोंडून कित्येक वर्षांत ऐकलेलं नाही. ही आठही वर्षं मी लोकांना मोठ्या तोऱ्यात सांगत होतो, की माझी बायको कमी बोलते, समजूतदार आहे, एकदा सांगितलं की तिला पटतं. तिला काहीच पटलेलं नव्हतं. तिच्याजवळ पुढच्या वाक्याला पुरेल एवढा श्वास नव्हता, अन् मी दर वेळी तिच्या त्या थांबण्यात माझं बोलणं घुसवत होतो. मला रडू आवरेना. काळ्या हातांनी डोळे पुसले, त्यानं तोंडही काळं झालं असणार.

ती थांबली. दमली म्हणून नाही. मी काहीच बोलत नाही हे पाहून थांबली.

“ऐकून राह्यले ना?”

“हौ,” मी म्हटलं. “बोल.”